गाठीपासून सुरुवात : लिम्फोमाच्या संशोधनात उतरायचं तर

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं आणि जखम भरली की बसतं. मानेला एकापाठोपाठ गाठी आल्या की जुनी माणसं गंडमाळ म्हणतात, आणि आपल्याकडे ती बऱ्याचदा क्षयाचीच निघते. दुखत नाही, बसत नाही, महिन्यागणिक वाढतेच आहे अशी गाठ असेल तर लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथीतल्या पेशींच्या कॅन्सरचा, विचार करावा लागतो. तिन्ही ठिकाणी ग्रंथी तीच आणि तिच्यात वाढणाऱ्या पेशींत तीच पांढरी पेशी असते, लिम्फोसाइट. या विषयाची सगळी अडचण इथे आहे. जंतू दिसला की भराभर वाढायचं, हे या पेशीचं कामच आहे. त्यामुळे 'पेशी वाढल्या आहेत' एवढ्यानं कॅन्सर ठरत नाही. कोणत्या पेशी वाढल्या, एकाच पेशीची प्रजा आहे का, ग्रंथीची मूळ रचना शाबूत आहे का, हे सगळं बघावं लागतं.

म्हणून या क्षेत्रात यायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला एकच : आधी गाठ ओळखायला शिका, जनुकांचे तक्ते त्यानंतर. पुढचं सगळं या क्रमानं लिहिलं आहे.

दोन वाटा

पहिली वाट डॉक्टरांची. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग नीट-पीजी देऊन ३ वर्षांचं एमडी. पॅथॉलॉजी घेतलं तर पुढे हिमॅटोपॅथॉलॉजी किंवा ऑन्कोपॅथॉलॉजी. मेडिसिन किंवा बालरोग घेतलं तर पुढे मेडिकल ऑन्कोलॉजी किंवा क्लिनिकल हिमॅटोलॉजीचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी. या वाटेनं येणाऱ्यांना रुग्ण आणि नमुने सहज मिळतात; मिळत नाही तो वेळ. एमडीचा प्रबंध हा पहिला खरा प्रकल्प असतो आणि बहुतेक जण तो शेवटच्या सहा महिन्यांत उरकतात. तसं करू नका. पहिल्या वर्षातच आपल्या विभागातले गेल्या पाच वर्षांतले लिम्फोमाचे ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेले गाठीचे तुकडे) मोजा, त्यातल्या किती रुग्णांचा पाठपुरावा उपलब्ध आहे ते बघा आणि त्या आकड्यावरून प्रश्न ठरवा. उलटं केलं, म्हणजे आधी भारी प्रश्न आणि मग नमुने, तर दुसऱ्या वर्षी विषय बदलायची वेळ येते.

दुसरी वाट विज्ञानाची : बीएस्सी किंवा बीटेक, मग एमएस्सी, मग सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, आणि पीएचडी. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये मिळतात, घरभाडेभत्ता वेगळा. टाटा मेमोरियल सेंटरचं खारघरचं ॲक्ट्रेक आणि पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, ही महाराष्ट्रातली दोन मोठी ठिकाणं. ॲक्ट्रेकमधल्या पीएचडीची पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्था देते. या वाटेनं येणाऱ्यांच्या हाताला तंत्र चांगलं बसतं, पण गाठ कशी दिसते हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

ही उणीव भरून काढता येते. डॉ. कमल रणदिवे फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकल्या, एमएस्सीला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केलं, आणि मुंबईत पीएचडी केली ती डॉ. वसंत खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली. देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभी केली. वनस्पतीच्या पेशीतून कॅन्सरकडे येताना मधला पूल विकृतिशास्त्राचा होता, हे त्यात महत्त्वाचं. तुम्ही एमएस्सी असाल तर आठवड्यातून दोन सकाळी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात बसायची परवानगी मार्गदर्शकाकडून पहिल्याच महिन्यात घ्या. ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेली गाठ चिरून बघायच्या, टेबलाजवळ उभं राहा आणि दुहेरी मायक्रोस्कोपला दुसरे डोळे तुमचे असू द्या. वर्षभरात तीनशे-चारशे केसेस नजरेखालून गेल्या की 'ही गाठ नॉर्मल वाटत नाही' असं आपोआप म्हणता येऊ लागतं.

पहिला तास

संशोधनातली सर्वात मोठी नासाडी सिक्वेन्सिंग मशिनच्या कितीतरी आधी, ऑपरेशन थिएटर आणि लॅबच्या मधल्या जिन्यात होते.

गाठ काढायच्या आधीच एक गोष्ट विचारून घ्या : रुग्णाला प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिलं आहे का? स्टिरॉइडनं लिम्फोमाच्या पेशी काही दिवसांत मरायला लागतात. श्वासनलिकेवर दाब आला म्हणून स्टिरॉइड द्यावंच लागलं तर गोष्ट वेगळी, पण 'सूज उतरायला' म्हणून दिलेल्या गोळ्यांनी निदानही जातं आणि नमुनाही. तशा नमुन्यापुढे ठळक नोंद करा.

अख्खी गाठ काढणं सर्वात चांगलं. पोटात किंवा छातीत खोलवर असेल तर जाड सुईनं घेतलेले अनेक तुकडे चालतात. बारीक सुईच्या एफएनएसीवर पहिलं निदान टेकवू नका, कारण त्यात पेशी मिळतात पण ग्रंथीची रचना मिळत नाही. आणि फॉलिक्युलर लिम्फोमा तर नावापासूनच रचनेवर, फॉलिकल म्हणजे ग्रंथीतल्या लिम्फोसाइटच्या गोल पुंजक्यांवर, उभा आहे. दोन-तीन गाठी असतील तर सर्जनला सर्वात मोठी किंवा पेट स्कॅनमध्ये सर्वात जास्त चमकणारी मागा. जांघेतली शक्यतो टाळा, तिथे जुन्या जखमांचे व्रण असतात.

गाठ फॉर्मलिन या ऊती पक्की करणाऱ्या द्रावणात न टाकता, सलाइननं ओलसर केलेल्या गॉजमध्ये किंवा आरपीएमआय या पेशी जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात ताबडतोब आणायची. कोरड्या गॉजवर आली तर कडा सुकून पेशी चुरगळलेल्या दिसतात. डब्यावर गाठ काढल्याची वेळ लिहिलेली हवी, घड्याळ बघून. ही वेळ पुढे अनेकदा कामाला येणार आहे.

टेबलावर : धारदार, नव्या पात्यानं गाठ तिच्या लांबीला आडवी चिरा. बोथट पात्यानं किंवा चिमट्यानं दाबून धरलं तर लिम्फोसाइट फुटतात आणि काचेवर निळ्या रेघोट्या उरतात. चिरलेल्या पृष्ठाकडे नीट बघा. लिम्फोमाचा पृष्ठभाग बहुधा एकसारखा, पांढरट-गुलाबी, ओलसर असतो, अगदी कच्च्या माशाच्या तुकडीसारखा. क्षयाच्या गाठीत मध्येच पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा भाग सुटतो. नोड्युलर स्क्लेरोसिस प्रकारच्या हॉजकिन लिम्फोमामध्ये टणक पांढऱ्या पट्ट्यांनी गाठीचे कप्पे पडलेले दिसतात. डोळ्यांचा अंदाज चुकतोही. क्षय आणि हॉजकिन एकाच गाठीत सापडू शकतात आणि हॉजकिनभोवतीही क्षयासारखे ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके) होतात. म्हणून ताज्या गाठीचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करायचं आणि शंका असो वा नसो, एक तुकडा क्षयाच्या जीनएक्स्पर्टसाठी आणि कल्चरसाठी बाजूला काढायचा. निदानाविना महिनोन्महिने क्षयाची औषधं घेत राहिलेले लिम्फोमाचे रुग्ण आपल्याकडे येतच असतात. हा एक तुकडा त्यांच्यासाठी असतो.

त्याच पृष्ठावर स्वच्छ काच हलकेच टेकवून, न घासता, चार-पाच ठसे घ्या. मग वाटप. मधला, संपूर्ण आडवा काप आधी फॉर्मलिनला. निदानाचा हक्क पहिला, संशोधनाचा नंतर. साधारण ५ मिलिमीटरचा तुकडा आरपीएमआयमध्ये, फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे मशिनवर एकेक पेशी मोजण्यासाठी. तेवढाच एक छोट्या क्रायोव्हायलमध्ये घालून द्रव नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० अंशांत. गाठ लहान असेल तर गोठवायचा तुकडा सोडून द्या. रुग्णाच्या निदानातून काटकसर करून बायोबँक भरायची नसते.

फॉर्मलिनचं गणित साधं आहे आणि तरी रोज चुकतं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनच हवं. बफर नसलेलं आम्लधर्मी होतं आणि डीएनए कुरतडतं. काप ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको, द्रावण ऊतीच्या निदान दहापट, आणि वेळ रात्रभर, म्हणजे १२ ते २४ तास. फॉर्मलिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं. अख्खी गाठ न चिरता बुडवली तर कडेचा भाग पक्का होतो आणि मधला कुजत राहतो; मग काचेवर मध्यभागाची केंद्रकं धुरकट दिसतात आणि ज्युनियर डॉक्टर त्याला नेक्रोसिस म्हणून मोकळे होतात. शनिवारी दुपारी आलेली गाठ सोमवारपर्यंत फॉर्मलिनमध्ये राहते, तिथे उलटा त्रास होतो : अँटिजेन (ज्यांना रंग चढवायचा ती प्रथिनं) झाकले जातात, डीएनए तुकडे-तुकडे होतो. शनिवारसाठी वेगळी व्यवस्था लावा. अस्थिमज्जेच्या बायोप्सीत हाडातलं कॅल्शियम काढून टाकायला नायट्रिकसारखं कडक आम्ल वापरलं की जनुकीय तपासणी संपली. तिथे वेळ जास्त लागला तरी ईडीटीए वापरा.

स्लाइड आणि रंग

लिम्फ नोडचे काप २ ते ३ मायक्रॉनचे हवेत. इतर अवयवांना चालणारे ४-५ मायक्रॉन इथे चालत नाहीत, पेशी एकमेकींवर चढतात आणि मोठी कोणती, लहान कोणती कळत नाही. आधी सर्वात कमी भिंगातून बघा, आणि निदान दोन मिनिटं तिथेच थांबा. फॉलिकल आहेत का, किती, कुठे पसरलेत, सायनस (ग्रंथीतल्या लसिकेच्या वाटा) उघडे आहेत की बुजलेत. घाईनं चाळीसच्या भिंगावर जाणारा माणूस फॉलिकल चुकवतो.

मग अँटिबॉडी, म्हणजे एकेका ठरावीक प्रथिनाला चिकटून त्याला रंग देणारे रेणू. त्यांची यादी लांबलचक मागवायची हौस आवरा. पहिल्या फेरीत सीडी२०, सीडी३, सीडी१०, बीसीएल२, बीसीएल६, के-आय-६७, आणि मोठ्या विचित्र पेशी असतील तर सीडी३० आणि सीडी१५. त्यावरून दुसरी फेरी. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या (मोठ्या बी-लिम्फोसाइटच्या लिम्फोमाच्या) उगमाचा अंदाज घ्यायला २००४ सालची हॅन्स पद्धत अजून वापरात आहे आणि तिला तीनच रंग लागतात. सीडी१० जर ३० टक्के किंवा जास्त पेशींत असेल तर जर्मिनल सेंटर (फॉलिकलचा गाभा) गट. नसेल तर बीसीएल६ बघा. तेही नसेल तर दुसरा गट. बीसीएल६ असेल तर एमयूएम१ : ते असलं तर दुसरा गट, नसलं तर जर्मिनल सेंटर. ३० टक्क्यांच्या आसपासची केस दोघांनी स्वतंत्र मोजावी आणि दोघांचे आकडे वहीत राहू द्यावेत. ही पद्धत मुळात जनुक-अभिव्यक्तीच्या कामाचा स्वस्त पर्याय आहे. २००० साली ॲश अलिझादे आणि सहकाऱ्यांनी मायक्रोअरेवर, म्हणजे हजारो जनुकं एकदम मोजणाऱ्या काचेवर, हे दोन गट पहिल्यांदा दाखवले. काही केसेसमध्ये दोन्हींचं उत्तर जुळत नाही, हे गृहीत धरूनच निष्कर्ष लिहा.

रंग फसला की नाही हे त्याच काचेवर समजतं, कारण लिम्फ नोडमध्ये आतलाच साक्षीदार असतो. बीसीएल२ लावलं आणि भोवतालच्या साध्या टी-पेशीही कोऱ्या दिसल्या, तर 'बीसीएल२ निगेटिव्ह' लिहायचं नाही. रंगच चढलेला नाही. सायक्लिन डी१ ला रक्तवाहिन्यांच्या अस्तरातली केंद्रकं साक्षीदार. के-आय-६७ ला रिॲक्टिव्ह (संसर्गाला प्रतिसाद म्हणून वाढलेलं) जर्मिनल सेंटर. साक्षीदार कोरा असेल तर आधी अँटिजेन रिट्रीव्हल, म्हणजे झाकलेले अँटिजेन उष्णतेनं पुन्हा उघडणं, तपासा : द्रावण पीएच ६ चं सायट्रेट हवं होतं की पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए, आणि कुकरचं तापमान खरंच चढलं होतं का. आणखी एक हमखास चूक. रिटुक्सिमॅब (सीडी२० वर नेम धरणारं, अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालेलं औषध) घेऊन आजार उलटलेल्या रुग्णात सीडी२० गायब असू शकतं. तेवढ्यावरून 'बी-सेल नाही' म्हणू नका. पॅक्स५, सीडी७९ए, सीडी१९ लावा. सीडी१९ वर नेम धरणारी कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याची) उपचारपद्धती झालेली असेल तर सीडी१९ ही गेलेलं असू शकतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाल्यापासून असे नमुने आपल्या टेबलावर येणारच, आणि आजार का उलटला हा प्रश्न आपल्याच रुग्णांत सोडवायची संधी त्यातच आहे.

पेशी मोजणं, जनुकं वाचणं

फ्लोसाठी आणलेला तुकडा आरपीएमआयमध्येच पात्यानं बारीक करून, सिरिंजच्या दट्ट्यानं ७० मायक्रॉनच्या जाळीतून अलगद दाबून गाळा. एका नळीला १० लाख पेशी. मेलेल्या पेशी ओळखणारा रंग प्रत्येक नळीत हवाच, कारण मेलेली पेशी कोणतीही अँटिबॉडी चिकटवून घेते. रक्त किंवा मज्जा असेल तर कॅपा-लॅम्डाच्या (इम्युनोग्लोब्युलिनच्या दोन साखळ्यांच्या) अँटिबॉडी लावण्याआधी दोन-तीनदा पीबीएस या खारट द्रावणानं धुवा. न धुतल्यास प्लाझ्मातलं इम्युनोग्लोब्युलिनच अँटिबॉडी खाऊन टाकतं आणि बी-पेशी दोन्हींना निगेटिव्ह दिसतात. तुकडा त्याच दिवशी लावा, फार तर दुसऱ्या दिवशी. मोठ्या पेशींचे लिम्फोमा नाजूक असतात, गाळतानाच फुटतात. मग मशिनवर फक्त साध्या टी-पेशी उरतात आणि अहवाल 'नॉर्मल' येतो. काचेवर लिम्फोमा आणि फ्लोवर नॉर्मल असं दिसलं तर विश्वास काचेवर ठेवा. हॉजकिन तर नेहमीच्या फ्लोमध्ये बहुधा सापडतच नाही.

फिश, म्हणजे गुणसूत्रावरचं जनुक चमकत्या ठिपक्यांनी दाखवणारी तपासणी. तीत मिक, बीसीएल२ आणि बीसीएल६ यांचे ब्रेक-अपार्ट (जनुक मोडलं की ठिपके वेगळे होणारे) प्रोब लावतात आणि किमान १०० केंद्रकं मोजतात. मेणातल्या पातळ कापात केंद्रकाचा एक तुकडाच येतो, त्यामुळे एखादा ठिपका नुसता कापला गेल्यानं हरवतो. म्हणून 'किती टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह' ही सीमा दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलू नका. आपल्याच लॅबमधल्या रिॲक्टिव्ह गाठींचे काप त्याच जाडीचे घेऊन ती ठरवा. प्रोबचा प्रत्येक नवा लॉट आला की पुन्हा.

एकाच पेशीची प्रजा आहे का हे बघायला आयजीएच या अँटिबॉडी घडवणाऱ्या जनुकाचं पीसीआर. बायोमेड-२ या ठरलेल्या संचातल्या प्रायमरांनी त्या जनुकाच्या एफआर१ या भागाचा तुकडा ३१० ते ३६० बेस जोड्यांचा येतो, एफआर२ चा २५० ते २९५, एफआर३ चा १०० ते १७०. जुन्या ब्लॉकमधला डीएनए ३०० च्या वर शाबूत नसेल तर एफआर१ रिकामं येतं, आणि त्याचा अर्थ 'क्लोन (एकाच पेशीची प्रजा) नाही' असा होत नाही. म्हणून आधी १०० ते ६०० जोड्यांच्या कंट्रोल तुकड्यांनी डीएनएची लांबी बघा. प्रत्येक नमुना दोनदा लावा. बी-पेशी मोजक्याच असतील तर पीसीआर त्यातल्या दोन-चार उचलून धरतं आणि खोटा क्लोन उभा राहतो. दुसऱ्या वेळी शिखर वेगळ्या जागी आलं की तो खोटा होता हे समजतं.

सिक्वेन्सिंगला जाताना दोन गोष्टी. फॉर्मलिनमुळे सायटोसिनचं रूपांतर होऊन 'सी'च्या जागी 'टी' वाचलं जातं. अगदी कमी प्रमाणात दिसणारे असे बदल खरे मानू नका, युरॅसिल कापणाऱ्या यूडीजी एन्झाइमची प्रक्रिया करून पुन्हा बघा. आणि तुकड्यात ट्यूमर पेशी किती टक्के आहेत हे पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या. हॉजकिनमध्ये रीड-स्टर्नबर्ग पेशी शंभरात एखादीच असते : घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन मोठी केंद्रकं, भोवती नुसता साध्या पेशींचा बाजार. सगळी गाठ एकत्र कुटून डीएनए काढला तर वाचला जातो तो बाजार. थॉमस हॉजकिननं १८३२ मध्ये हा आजार वर्णिला, पण त्यातली मूळ पेशी बी-लिम्फोसाइटपासून आलेली आहे हे पटायला १९९४ उजाडावं लागलं, आणि ते जमलं कारण जर्मनीतल्या संशोधकांनी कापातून एकेक पेशी सुईनं उचलून तिचं पीसीआर केलं. पुढचा मोठा टप्पा त्या चिकाटीवर उभा राहिला.

पेशीसमूह

सगळे प्रयोग रुग्णाच्या नमुन्यावर करता येत नाहीत. त्यासाठी पेशीसमूह, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, एनसीसीएसच्या राष्ट्रीय भांडारातून मागवा; मित्राच्या लॅबमधून हातोहात आणलेली व्हायल घेऊ नका. रॅजी ही नायजेरियातल्या बर्किट लिम्फोमापासून १९६३ साली तयार झाली, तिच्यात एपस्टाइन-बार विषाणू आहे, रॅमॉसमध्ये नाही. डौडी पेशींवर वर्ग १ चं एचएलए (टी-पेशी जे ओळखतात ते प्रथिन) नसतं, त्यामुळे टी-पेशींच्या मारक प्रयोगात ती वापरली तर औषध चालत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जर्कॅटमध्ये एकेटीला लगाम घालणारं पीटेन नाही, म्हणून पेशीला जगवणारा तिचा एकेटी मार्ग मुळातच चालू असतो. आपण वापरत असलेल्या पेशीत काय मोडलेलं आहे हे पहिल्या प्रयोगाआधी वाचा.

आरपीएमआय-१६४० मध्ये १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं रक्तजल), ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. या पेशी तरंगत वाढतात. मिलिलिटरला ३ ते ५ लाखांवर सुरू करा आणि १० लाखांच्या आसपास पोचल्या की पातळ करा. माध्यम पिवळं पडेपर्यंत थांबलात तर पेशी मरतात, आणि अति पातळ केल्यात तर रुसून बसतात. महिन्यातून एकदा मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तपासणी करा. माध्यम गढूळ होत नाही, त्यामुळे ती लागण डोळ्यांना दिसत नाही, पण औषधाचे सगळे आकडे सरकतात. आल्या आल्या एसटीआरनं, म्हणजे डीएनएच्या ठशानं, ओळख पटवून घ्या. मग ९० टक्के एफबीएस आणि १० टक्के डीएमएसओमध्ये ५० लाख पेशींच्या किमान दहा व्हायली गोठवा : मिनिटाला एक अंश उतरेल अशा आयसोप्रोपेनॉलच्या डब्यातून रात्रभर उणे ८०, दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजन. वीस-पंचवीस पॅसेजनंतर, म्हणजे तितक्यांदा पातळ करून नव्या माध्यमात हलवल्यावर, जुन्या टाकून नवी व्हायल काढा.

प्रश्न कसा निवडायचा

परदेशी निबंधातला प्रयोग 'भारतीय रुग्णांत' पुन्हा करणं हा प्रश्न नव्हे. आपल्याकडचं वेगळेपण खरंच आहे ते शोधा. आपल्या हॉजकिनमध्ये, विशेषतः लहान मुलांत, एपस्टाइन-बार विषाणू मोठ्या प्रमाणावर सापडतो. त्यासाठी ईबर इन-सिटू हायब्रिडायझेशन (विषाणूचं आरएनए काचेवरच रंगवणं) पुरतं, सिक्वेन्सरची गरज नाही. क्षयाच्या औषधांवर गेलेले महिने आणि निदानाच्या वेळचा टप्पा यांचं नातं, कमी रंगांत निदान कुठपर्यंत नेता येतं, जिल्ह्याच्या गावातून आलेल्या ब्लॉकचा डीएनए कितपत चालतो : हे प्रश्न इथेच सुटू शकतात.

आणि धीर धरा. फॉलिक्युलर लिम्फोमात १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची जी अदलाबदल होते तिच्यातून बीसीएल२ जनुक १९८४-८५ च्या सुमारास हाती आलं. ते जनुक पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही, हे मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. त्याला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स अमेरिकेत मंजूर झालं २०१६ मध्ये, तेही आधी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी. एका माणसाची जवळजवळ सगळी नोकरी यात मावते.

वर्गीकरणाबद्दल : २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पाचवी आवृत्ती आणि आंतरराष्ट्रीय सहमतीचं वेगळं वर्गीकरण अशी दोन एकाच वेळी आली. नावं काही ठिकाणी वेगळी आहेत. कोणतं वापरलं ते पहिल्याच पानावर लिहा आणि जुन्या केसेस त्यात बसवून घ्या.

परवानग्या आणि आकडे

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय कपाटातल्या जुन्या ब्लॉकलाही हात लावायचा नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज करा. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत हवं, आणि मराठी मजकूर मोठ्यानं वाचून बघा. 'जैविक नमुन्याच्या भावी अनुवंशशास्त्रीय उपयोजनास' हे कुणालाही समजत नाही. 'तपासणी झाल्यावर उरलेला गाठीचा तुकडा आम्ही संशोधनासाठी जपून ठेवू का?' हे समजतं. उरलेल्या तुकड्याचा वापर, जनुकीय तपासणी आणि पुन्हा संपर्क साधणं यांच्या तीन वेगळ्या चौकटी ठेवा. परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीला लागणारे महिने वेळापत्रकात आधीच धरा. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी.

संख्याशास्त्र शिका, निदान आर भाषेत कापलान-मायर आलेख (किती रुग्ण किती काळ जगले ते दाखवणारा) स्वतः काढता येण्याइतकं. इथली मोठी अडचण उपचार अर्धवट टाकून गावी गेलेल्यांची आहे. ते 'शेवटचे जिवंत दिसले' म्हणून मोजले तर जगण्याचे आकडे खोटे गोड येतात, कारण बरेच जण आजार वाढला म्हणूनच यायचे थांबलेले असतात. दर तीन महिन्यांनी फोन करणाऱ्या माणसाचा पगार प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात घाला. अनेक महागड्या किटपेक्षा तो खर्च सार्थकी लागतो. सरावासाठी खुली माहिती भरपूर आहे, पण टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर-जनुकांच्या संग्रहातल्या डिफ्यूज लार्ज बी-सेलच्या केसेस अवघ्या ४८ आहेत. तेवढ्यावर जगण्या-मरण्याचं भाकीत उभारू नका.

लॅबला लिहिताना

एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. पाच लॅब निवडा, प्रत्येकीचे अलीकडचे दोन निबंध पूर्ण वाचा, आणि पत्रात त्यातल्या एखाद्या आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा. स्वतःबद्दल एक परिच्छेद, हाताला येणारी तंत्रं नेमकी ('फ्लो येतं' असं नको, 'सहा रंगांचं पॅनेल कॉम्पेन्सेशनसह स्वतः लावलं आहे' असं), कधीपासून येऊ शकता ती तारीख, दोन पानांचा बायोडेटा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक आठवण, त्यानंतर पुढची लॅब.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही विचारा. प्रकल्पात पॅथॉलॉजिस्ट सह-संशोधक आहे का? ट्यूमर बोर्डाच्या (रुग्णाचे उपचार एकत्र ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या) बैठकीला विद्यार्थ्यांना बसू देतात का? आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? मग उणे ८० च्या फ्रीझरची वही बघायला मागा. नमुन्याच्या क्रमांकापुढे गाठ काढल्याची आणि गोठवल्याची, अशा दोन्ही वेळा हातानं लिहिलेल्या असतील तर त्या लॅबला होकार कळवा.